बोल्ट आवळला तरी पीळ तेवढाच

मित्राची जुनी पिकअप पुढून बसली होती म्हणून अंबडला एका गॅरेजात गेलो. मिस्त्री खाली वाकून बघून म्हणाला, शेठ बोल्ट चार-पाच फेरे आवळतो, नाक वर येईल अन् सस्पेन्शन पण कडक होईल. नाक वर आलं खरं. पण कडक होतं हे चूक आहे, अन् भल्याभल्यांना ते पटत नाही म्हणून लिहितोय.

हा बोल्ट सगळ्या गाड्यांना नसतो. पुढे कमानपाटे किंवा कॉइल असेल तर विषयच नाही. जुनी टाटा सफारी, काही जुन्या पिकअप अशा गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे चेसिसच्या बाजूने जाणारा स्टीलचा सरळ दांडा. एक टोक चाकाच्या आर्मला (चाक धरून वर-खाली हलणारा हात), दुसरं चेसिसला. चाक वर उचललं की दांडा ओल्या टॉवेलसारखा पिळतो अन् परत सुटायला बघतो, तीच स्प्रिंग. फर्डिनांड पोर्शेने याचं पेटंट 1931 मध्ये घेतलं, 1934 च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हांमध्ये तो आला पण. गंमत म्हणजे कॉइल स्प्रिंग दाबली की तिची तार पण पिळलीच जाते, म्हणजे टॉर्शन बार ही उलगडून सरळ केलेली कॉइलच समजा.

आता बोल्ट काय करतो? दांड्याचं चेसिसकडचं टोक थोडं फिरवतो, बस. चाकावर येणारं वजन होतं तेवढंच, मग ते पेलायला लागणारा पीळ पण जवळपास तेवढाच. बोल्टने जास्तीचा पीळ द्यायला गेलं की आर्म खाली झुकतो, गाडी वर उचलली जाते अन् पीळ परत जागेवर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे आवळला तरी वाढत नाही. कडकपणा ठरतो दांड्याच्या जाडीवर, लांबीवर अन् धातूवर. जाडी 10 टक्के वाढवली तर कडकपणा साधारण 46 टक्के वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो.

मग आवळल्यावर गाडी आपटते ती कशामुळे? आर्म आधीच खाली गेलेला असतो, खड्ड्यात चाक अजून खाली जायला जागाच उरत नाही, वरचा आर्म स्टॉपरवर आदळतो, शॉकअप पूर्ण ताणला जातो अन् लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली. फोर बाय फोर असेल तर अ‍ॅक्सलचे जॉइंट तिरके चालतात ते वेगळंच. कॅम्बर-टो, म्हणजे चाकाचा उभा कल अन् आत-बाहेर वळलेपण, बदलतो, म्हणून अलाइनमेंट केलं नाही तर टायर एका बाजूने खाल्ला जाणार.

खरं तर बोल्ट दिलाय तो वर्षानुवर्षं इंजिनाचं वजन पेलून दांडा थोडा बसतो ते भरून काढायला अन् डावी-उजवी बाजू सारखी करायला. करायचंच असेल तर पुढची चाकं अधांतरी करा, गाडीचं वजन असताना पाना लावला तर आटे जातात. किती फेरे दिले ते लिहून ठेवा, गाडी खाली उतरवून थोडी पुढे-मागे चालवा अन् मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावा, लगेच मोजलं तर चुकीचंच येणार. दांडे काढलेच तर डावा-उजवा अदलाबदल नको, दोघांचा पीळ उलट्या दिशेला असतो.

मित्राने आधी ऐकलं नाही. कसाऱ्याला रात्री समोरचे सगळे डिपर मारायला लागले, हेडलाइट आभाळाकडे ना, तेव्हा येऊन दीड फेरा ढिला केला.