फ्रीजमधल्या ‘लाइट’ दह्याची कुळकथा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डेअरीत पूर्वी दह्याबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा: आंबट देऊ की अदमुरं? कढीला आंबट, जेवताना भाताशी अदमुरं. साखर हवी असेल तर ती घरी, आपल्या हातानं. आता त्याच डेअरीच्या काचेच्या फ्रीजमध्ये स्ट्रॉबेरी, आंबा, ब्लूबेरीचे कप रांगेनं उभे असतात. काहींवर ‘लाइट’ लिहिलेलं असतं, काहींवर ‘नो ॲडेड शुगर’. आईला मधुमेह निघाला आणि तिनं एक दिवस दोन कप हातात धरून मला विचारलं, “साखरेचा घेऊ की लाइट?” मला धड उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न आपल्या फ्रीजपर्यंत आला कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेतला.

‘लाइट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. एक, दुधातली चरबी कमी करणं. दुसरी, साखर काढून तिच्या जागी दुसरं काहीतरी गोड घालणं. पहिल्या गोष्टीचा इतिहास आपल्या अगदी शेजारचा आहे. मुंबईचे मिल्क कमिशनर दारा खुरोडी यांनी १९४६ साली म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून ‘टोन्ड’ दूध तयार केलं. वजन कमी करण्याचा विचार त्यामागे नव्हता. दूध अपुरं होतं, शहर वाढत होतं, आणि एका लिटरचं जास्त लिटर करून, प्रथिनं फारशी न गमावता, ते गरिबाला परवडेल अशा भावात द्यायचं होतं. मला हे काम फार मोठं वाटतं. खुरोडींना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्यांचं नाव आज ठाण्यात दहा जणांना विचारलं तर एखाद्याला माहीत असेल.

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे टोन्डच्या पिशवीतलं दूध विरजून लावलेलं रोजचं दही आधीच निम्मं हलकं झालेलं असतं. आपण त्याला लाइट म्हणत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट, साखरेची, दुरून आली. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ साली जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातला जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकोव्ह यांनी असं दही खाल्ल्यानं आयुष्य वाढतं असं मांडलं आणि युरोपात योगर्ट हे औषध झालं. आयझॅक कारासो यांनी १९१९ मध्ये बार्सिलोनात कारखाना काढला तेव्हा त्यांचं दही औषधांच्या दुकानांतून विकलं जायचं. कारखान्याचं ‘दानोन’ हे नाव त्यांच्या मुलाच्या, डॅनिएलच्या, लाडक्या नावावरून आलं. त्या दह्याची चव मात्र फार आंबट होती. ४२-४३ अंशांवर भराभर वाढणारे जिवाणू आम्ल पुष्कळ तयार करतात. आपल्या ओट्यावर रात्रभर सावकाश लागणाऱ्या दह्याची मवाळ चव त्याला नसते. ही आंबट चव लोकांच्या गळी उतरवायची तर गोडाची सोबत हवी होती. प्रागच्या एका डेअरीनं १९३३ मध्ये जॅम घातलेल्या योगर्टचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९४७ मध्ये तळाशी स्ट्रॉबेरी असलेले कप आले. तेव्हापासून तिकडे ‘रेग्युलर’ योगर्ट म्हणजे साखरेचं, फळाचं योगर्ट, हे हळूहळू गृहीत धरलं गेलं.

१९७७ साली अमेरिकन सिनेटच्या समितीनं चरबी आणि साखर दोन्ही कमी खा असं सांगितलं. कंपन्यांनी आधी चरबी काढली. चरबी गेली की दही पातळ आणि बेचव होतं, म्हणून स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन आले. मग साखर काढली. तिच्या जागी जे आलं त्याचा इतिहास विलक्षण आहे, कारण त्यातली तीन महत्त्वाची नावं अपघातानं जिभेवर आली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कोळशाच्या डांबरावर काम करणाऱ्या फाहलबर्ग यांना १८७९ साली जेवताना हात गोड लागले. ती सॅकरिन. १९६५ मध्ये जेम्स श्लाटर हे अल्सरवरच्या औषधावर काम करत होते. कागद उचलायला त्यांनी बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम सापडलं. तिसरी गोष्ट वाचताना मी थबकले, कारण नाव ओळखीच्या वळणाचं होतं: शशिकांत फडणीस. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात ते प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली, साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून तयार झालेल्या पदार्थांवर काम करत होते. हफ यांनी एक पदार्थ ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितलं. फडणिसांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव घे असं ऐकलं आणि चिमूटभर जिभेवर ठेवलं. आपल्या कानाला test आणि taste हे दोन इंग्रजी शब्द सारखेच लागतात, आपण ते लिहितोही सारखेच. तो पदार्थ सुक्रालोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. आज साखरेविना गोड लागणाऱ्या दह्याच्या कपांवर हे नाव सर्रास दिसतं.

ॲस्पार्टेम उष्णतेत टिकत नाही, पण किंचित आम्लात आणि थंडाव्यात ते चांगलं राहतं, आणि दह्याची आम्लता नेमकी त्याच घरातली आहे. त्यामुळे १९८१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाल्यावर पुढच्या वर्षांत ते लाइट दह्यात शिरलं. पुढे लोकांच्या मनात त्याच्याबद्दल शंका वाढली आणि सुक्रालोज पुढे सरकलं. मग सुक्रालोजवरही बोट रोखलं गेलं. २०१६ च्या जानेवारीत चोबानी या अमेरिकन योगर्ट कंपनीनं जाहिरातीत दानोनच्या लाइट दह्यातल्या सुक्रालोजचा क्लोरीनशी, पोहण्याच्या तलावात टाकतात त्या क्लोरीनशी, संबंध जोडला. न्यायालयानं ती जाहिरात थांबवली. माझ्या मते ते योग्यच झालं. रेणूत क्लोरीन असणं आणि तलावातलं क्लोरीन पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठातही क्लोरीन असतंच.

मात्र भीती खोडून काढली म्हणजे शिफारस झाली असं नाही. १५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी घालायचे असे गोड पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे; आईसाठी ही ओळ महत्त्वाची. त्याच वर्षी जुलैत ॲस्पार्टेमला ‘कर्करोगाची शक्यता’ या गटात टाकलं गेलं, पण शरीराच्या दर किलोला रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा तशीच ठेवली. त्या हिशेबानं ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला डाएट पेयाचे ९ ते १४ कॅन रोज लागतील. बातम्यांमध्ये पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत आलं, दुसरं फार कमी ठिकाणी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर फक्त पहिलंच फिरलं.

आता आपल्याकडचं पाहू. गोड दही आपल्याला नवं नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शिखरिणीचा, म्हणजे साखर घातलेल्या दह्याच्या पदार्थाचा, उल्लेख आहे, आणि श्रीखंडात कोरड्या वजनाच्या ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर कायद्यालाही चालते. पण श्रीखंड पाडव्याचं, दसऱ्याचं. रोजच्या पानातलं दही बिनसाखरेचं. तिकडचा ‘रेग्युलर’ आणि आपलं साधं दही या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आईच्या प्रश्नातली खरी अडचण इथेच होती. तिच्या हातातले दोन्ही कप गोड होते. तिचं रोजचं दही त्या तुलनेत आलंच नव्हतं.

साध्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर असते, ती सगळी दुधाची. फळाच्या कपात एकूण साखर अनेकदा १० ग्रॅमच्या पुढे जाते. लाइट कपात वरची साखर नसली तरी दुधातली राहतेच, म्हणून ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे साखरच नाही असं नव्हे. वेष्टणावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर आता वेगवेगळी छापावी लागते. साखरेऐवजीच्या गोड पदार्थांचे सांकेतिक आकडेही असतात: ९५० ॲसेसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया.

आईला मी सांगितलं, साखरेचा आणि लाइट यांतलाच एक घ्यायचा असेल तर तुझ्यासाठी लाइट. नातीसाठी दोन्ही नको. ती हसली आणि म्हणाली, “मग विरजण कोण लावणार, तू?” तेव्हापासून रात्री दूध कोमट करून मी लावते. पावसाळ्यात ते उशिरा लागतं, मेमध्ये पहाटेच आंबतं. तिला लागेल तेव्हा ती त्यात डाळिंबाचे चार दाणे घालते.