मेक्सिकोची पावडर, अमेरिकेचे मशीन

टेक्सास, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन किराणा दुकानात धुण्याच्या सामानाचा कोपरा नजरेतून सुटत नाही. पाव किलोपासून दहा किलोपर्यंतच्या पावडरीच्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या असतात. सील या समुद्री प्राण्याचे चित्र असलेली फोका, शेजारी रोमा, एरिएल, ब्लांका निएवेस आणि खालच्या फळीवर झोते साबणाच्या जाडजूड गुलाबी वड्या. अमेरिकेत मेक्सिकन वंशाचे साडेतीन कोटींहून जास्त लोक राहतात, तेव्हा ही मागणी असणारच. पण आता मेक्सिकोशी काही संबंध नसलेली माणसेही या पिशव्या घरी नेऊ लागली आहेत. दरवळ जास्त टिकतो, किंमत कमी पडते आणि ‘तिकडची पावडर जास्त कडक असते’ असा एक समज आहे.

हा समज मला अपुरा वाटतो. धुण्याची पावडर एकटी कधीच काम करत नाही. तिच्यासोबत पाणी असते, कपडे हलवणारा हात किंवा यंत्र असते, आणि ती पावडर कुठल्या पाण्यासाठी नि कुठल्या हातासाठी बनवली यावर तिचे मिश्रण ठरते. ती दुसऱ्या देशातल्या दुसऱ्याच यंत्रात टाकली की काय होते, हे रसायनशास्त्राच्या नजरेने पाहण्यासारखे आहे.

मेक्सिकोत आजही असंख्य घरांच्या अंगणात किंवा गच्चीवर ‘लावादेरो’ असतो. एका बाजूला पाण्याची कुंडी आणि तिच्या शेजारी उतरता, आडव्या खाचा पाडलेला सिमेंटचा किंवा दगडी पाटा. कपडा भिजवायचा, पावडर भुरभुरायची, खाचांवर घासायचा आणि कुंडीतले पाणी भांड्याने ओतून खळबळायचा. जिथे मशीन आहे तिथेही ते पुष्कळदा साधे, गोल टपाचे असते. मधला दांडा मागे-पुढे फिरतो तेव्हा होणाऱ्या आवाजावरून लोक त्याला ‘चाका-चाका’ म्हणतात. त्यात पाणी स्वतः भरायचे, स्वतः सोडायचे. कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. छतावरच्या टाकीत साठवलेल्या पाण्यावर दिवस काढायचे असतात आणि धुण्याचे उरलेले पाणी अंगण धुवायला जाते.

अशा धुण्यात फेस ही खूण असते. पावडर पुरेशी पडली की नाही हे फेस सांगतो, आणि कपडा नीट खळबळला की नाही हेही फेसच सांगतो. फेस संपेपर्यंत पाणी बदलत राहायचे. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या लोकांनी मेक्सिकोतल्या घरांत जाऊन हे पाहिले. कपडे धुवायचे, दोनदा खळबळायचे, मऊपणासाठी सॉफ्टनर घालायचे, पुन्हा दोनदा खळबळायचे, आणि दर वेळी पाणी उचलून आणायचे. त्यातून 2004 मध्ये ‘डाउनी लिब्रे एनहुआगे’ हे सॉफ्टनर मेक्सिकोच्या बाजारात आले. फेस मोडण्याची सोय त्यातच केलेली असल्याने धुऊन झाल्यावर ते घालायचे आणि एकदाच खळबळायचे. घरातल्या बाईच्या कंबरेवरचा भार रसायनाने हलका केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पाणी वाचले ते वेगळेच.

आता फेसाच्या रसायनाकडे येऊ. बहुतेक मेक्सिकन पावडरींचा कणा लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट म्हणजे ‘लास’ हा असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाचे थेंब कपड्यावरून सोडवून पाण्यात तरंगते ठेवायचे हे त्याचे काम. हवा मिसळली की हेच रेणू बुडबुड्यांच्या पातळ भिंतींवर रांगेने उभे राहतात आणि फेस टिकतो. मळ निघतो तो पाण्यात. वरचा फेस त्यासाठी लागत नाही. लासच्या आधी त्याचाच, रेणूच्या साखळीला फांद्या असलेला भाऊबंद वापरात होता. जिवाणूंना त्या फांद्या सहज तोडता येत नसत, म्हणून नद्या आणि सांडपाण्याची केंद्रे फेसाने भरू लागली. अखेर 1965 मध्ये अमेरिकन उद्योगाने सरळ साखळीचा लास स्वीकारला.

हाताने धुण्याच्या पावडरीत लास भरपूर ठेवतात आणि फेस मोडणारे काही घालत नाहीत. फ्रंट लोड मशीनच्या पावडरीत मात्र सिलिकोनयुक्त फेसरोधक मुद्दाम घातलेला असतो. तो अगदी चिमूटभर असतो, पण सगळा फरक त्यानेच पडतो. जुने अमेरिकन टॉप लोड मशीन एका धुण्याला दीडशे लिटरपर्यंत पाणी घेई. त्या टपात थोडा जास्त फेस झाला तरी बिघडत नसे. आजचे ‘एचई’ (हाय एफिशियन्सी) खुणेचे फ्रंट लोड मशीन त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम उरकते. ड्रमच्या तळाशी थोडे पाणी असते. कपडे वर उचलले जातात आणि धपकन खाली पडतात. मळ सुटतो तो त्या आपटण्याने.

साधी हाताची पावडर त्यात नेहमीच्या मापाने टाकली, तर काचेच्या दारातून सगळे दिसते. पहिली पाच मिनिटे ठीक जातात. मग काचेवर पांढरी रेघ चढू लागते, पाहता पाहता निम्मी काच झाकली जाते आणि कपडे दिसेनासे होतात. कपडे अजून फिरत असतात, पण आता ते आपटत नाहीत, कारण खाली फेसाची गादी तयार झालेली असते. म्हणजे फेस वाढला तसे धुणे उलट मंदावले. पुढची अडचण पाणी काढताना येते. पंपाला पाण्याऐवजी हवा मिळते आणि तो नुसता घरघरतो. ड्रम आणि बाहेरचा टप यांच्या फटीत फेस दाटला की पिळण्याच्या वेळी ड्रमला वेग घेता येत नाही. काही मशीन हे ओळखून स्वतःच पाणी जास्त घेतात, काही ‘एसयूडी’ अशी अक्षरे दाखवून थांबतात. पाणी वाचवणाऱ्या मशीनने शेवटी जास्तच पाणी ओतलेले असते.

म्हणून पिशवी हातात आली की आधी मजकूर वाचावा. ‘आल्ता एफिसिएन्सिया’ (स्पॅनिशमध्ये हाय एफिशियन्सी) असे शब्द किंवा ‘एचई’ची खूण असेल तर त्या पावडरीत फेसाची काळजी घेतली आहे असे समजावे. मेक्सिकोतल्या मोठ्या कंपन्या आता अशा पावडरी आणि द्रवरूप डिटर्जंटही विकतात. खूण नसेल तर ती पावडर टॉप लोडला किंवा बादलीला ठेवलेली बरी. अमेरिकेसाठी भरलेली पिशवी आणि मेक्सिकोच्या बाजारातली पिशवी यांचे चित्र सारखे असले तरी आतले मिश्रण एकच असेल असे धरून चालू नये. नियम वेगळे असले की मिश्रणही वेगळे होऊ शकते.

सर्वांत जास्त फरक पाडते ते मात्र पाणी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या मोजणीत, लिटरमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने 60 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील तर पाणी हलके आणि 180 च्या वर असतील तर खूप जड. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे पाणी चुनखडीच्या थरांतून येते आणि 180 च्या बरेच वर जाते. मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मेरिदाचीही तीच गत आहे, तिथली सारी भूमीच चुनखडीची. सिॲटलला पाणी डोंगरातल्या पावसाचे आणि बर्फाचे, त्यामुळे ते अगदी हलके. फोकाची एकच पिशवी आणि एकच मशीन या दोन अमेरिकन शहरांत नेले, तर सॅन अँटोनिओत फेस बेताचा राहील आणि सिॲटलला दारापर्यंत येईल. जड पाण्यातले कॅल्शियम लासच्या रेणूंना धरून बसवते. त्यामुळे फेस कमी आणि धुणेही कमी. एकाला ती पावडर ‘मशीनला चालते’ वाटते, दुसऱ्याला ‘मशीन बिघडवते’ वाटते, आणि दोघांचाही अनुभव खरा असतो.

या कॅल्शियमला आवरण्यासाठी पावडरीत ‘बिल्डर’ घालतात. 1946 मध्ये अमेरिकेत आलेल्या टाइडचे यश सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट या बिल्डरवर उभे होते. ते कॅल्शियमला विरघळलेल्या स्थितीतच पकडून ठेवते, गाळ होऊ देत नाही. कपड्यांसाठी इतके चांगले दुसरे काही नाही. पण तेच फॉस्फेट तलावात पोचले की शेवाळ माजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. ईरी सरोवराची दशा पाहून 1970 च्या दशकात एकेका अमेरिकन राज्याने बंदी आणायला सुरुवात केली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरगुती पावडरींतून फॉस्फेट जवळजवळ गेले. ‘तिकडची पावडर कडक’ या समजाचे एक मूळ इथे असावे. ज्यांनी फॉस्फेटची धुलाई पाहिली आहे त्यांना ती आठवते. आता मेक्सिकन पिशव्यांवरही ‘लिब्रे दे फॉस्फातोस’ म्हणजे ‘फॉस्फेटविरहित’ हे शब्द दिसतात. ते आहेत का, हे जरूर पाहावे. माझे मत स्पष्ट आहे: टॉवेल थोडा खरखरीत झाला तरी चालेल, पण तलाव जगला पाहिजे.

फॉस्फेटच्या जागी आले सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, आणि कॅल्शियम स्वतःत धरून ठेवणारे झिओलाइट. स्वस्त पावडरीत सोड्याचाच भर असतो. तो कॅल्शियमला चुनखडीच्या बारीक कणांत बदलून खाली बसवतो. यातले काही कण कपड्यांच्या धाग्यांत अडकतात. जड पाण्यात काही महिने अशी पावडर वापरली की काळे कपडे राखाडी दिसतात आणि मशीनच्या आतल्या हीटरवर थर चढतो. तिथे झिओलाइटची पावडर बरी.

पिशवीतला आणखी एक मोठा वाटा सोडियम सल्फेटचा असतो. मेक्सिकोच्या कोआविला राज्यातल्या लागुना देल रे इथे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून ते फार मोठ्या प्रमाणावर काढले जाते. सल्फेट स्वतः मळ काढत नाही. पावडर मोकळी राहावी आणि पटकन विरघळावी यासाठी ते असते. त्यामुळे दोन पावडरींची तुलना कपाने करणे व्यर्थ आहे. फुलवलेली हलकी पावडर आणि दाबलेली घट्ट पावडर यांच्या एका कपाच्या वजनात दुपटीचाही फरक पडू शकतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा.

घरी तुलना करायची असेल तर मांजरपाटासारखे कोरे सुती कापड घ्यावे, जुना पांढरा टी-शर्ट नको. टी-शर्टवर आधीच्या धुण्यांतले ऑप्टिकल ब्राइटनर बसलेले असतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. पिवळटपणा त्याने झाकला जातो, मळ मात्र तसाच राहतो. जुन्या काळची नीळही रंगाच्या हिशेबाने तेच करी. अतिनील टॉर्च लावला की कोरे कापड मंद राहते आणि धुतलेले निळे उजळते.

कापडाच्या तुकड्यांवर तेल, अंड्याचा बलक, तिखट साल्सा आणि चिखल लावून रात्रभर वाळू द्यावे. एक तुकडा नुसत्या पाण्यात धुवायचा, आणि ही पायरी कधीच गाळू नये. चिखलाचा बराच भाग पाण्यानेच जातो आणि त्याचे श्रेय पावडरीला मिळते. खरी परीक्षा बलकाची. ज्या पिशवीवर ‘एन्सिमास’ म्हणजे एन्झाइम असे लिहिले आहे त्या पावडरीत भिजवून ठेवलेला डाग कोमट पाण्यात कडांकडून सैल होऊ लागतो, कारण प्रोटीएज हे एन्झाइम प्रथिनांच्या साखळ्या तोडत असते. त्याच पाण्यात क्लोरीनचे ब्लीच ओतले तर एन्झाइम निकामी होते. पावडरीतले निळे-हिरवे ठिपके मात्र पुरावा म्हणून धरू नयेत. काही एन्झाइमचे असतात, पुष्कळदा तो नुसता रंग असतो. एन्झाइमचे दाणे आवरण घालून बनवतात यामागे एक दुःखद कारण आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीने दमा जडत असल्याचे लक्षात आले होते.

कपड्यात पावडर उरली का हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. धुतलेले टॉवेल पुन्हा मशीनमध्ये घालायचे, पावडर न घालता कोमट पाण्यावर चालवायचे आणि दहा मिनिटांनी काचेतून पाहायचे. फेस दिसला तर तो मागच्या धुण्याचा. रेंगाळणारा दरवळ आवडणे वेगळे, पण ज्यांना त्वचेचा त्रास आहे त्यांच्यासाठी हा फेस महत्त्वाचा आहे. पुढच्या वेळी वजन एक-तृतीयांशाने कमी करावे आणि काच स्वच्छ दिसेपर्यंत कमी करत जावे. हलक्या पाण्यात ते माप ऐकून आश्चर्य वाटेल इतके खाली येते.

राहिला झोते. रोमा आणि फोका बनवणाऱ्या ला कोरोना कारखान्याचाच हा साबण. डिटर्जंट मात्र नाही, जनावराची चरबी आणि खोबरेल तेल यांचा अस्सल साबण, सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या वासाचा. तो किसून मशीनमध्ये टाकण्याची पद्धत अमेरिकेत बरीच पसरली आहे. जड पाण्यात त्याचा फेस होत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण फेस होत नाही कारण साबण कॅल्शियमशी जुळून चिकट साका बनलेला असतो. तो साका कपड्यांवर, ड्रमच्या मागच्या बाजूला आणि रबराच्या घडीत बसतो आणि त्यावर बुरशी पोसते. वडी ओली करून कॉलरवर आणि बाह्यांच्या कडांवर चोळावी, दहा मिनिटे ठेवावी, कडा नळाखाली चोळून धुवाव्यात आणि मग कपडा मशीनमध्ये टाकावा. चरबीच्या मळाला साबण उत्तम पकडतो, आणि हाताने धुतल्यावर साका मशीनपर्यंत पोचत नाही.