जावाची आवृत्ती जुळवायची म्हणजे नेमकं काय जुळवायचं?

जावाचा प्रोग्राम कंपाइल केला की क्लास फाइल तयार होते. ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून पाहा. पहिले चार बाइट जगातल्या प्रत्येक क्लास फाइलमध्ये सारखेच: 'कॅफेबेब'. पुढच्या चार बाइटमध्ये आवृत्ती असते. जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१, २१ साठी ६५. जावाच्या क्रमांकात ४४ मिळवले की झालं. जावा ८ च्या व्हर्च्युअल मशीनला (क्लास फाइल चालवणाऱ्या प्रोग्रामला) ६१ दिसला की ते फाइल लोडच करत नाही, थेट 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' एरर देतं. मला हा एरर चांगला वाटतो. गफलत लगेच कळते आणि कुठे झाली तेही कळतं.

खरा धोका याच्या पुढे आहे. नव्या जेडीकेच्या (कंपायलर आणि लायब्ररी असलेल्या जावाच्या संचाच्या) कंपायलरला 'सोर्स ८, टार्गेट ८' असं सांगता येतं, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण सोर्समुळे फक्त भाषेचे नियम जुने होतात आणि टार्गेटमुळे फाइलवरचा क्रमांक ५२ पडतो. कोड तपासताना कंपायलर लायब्ररी, म्हणजे जावासोबत येणारे तयार क्लास, मात्र नव्या जेडीकेचीच बघतो.

या लायब्ररीतल्या बाइटबफर या क्लासचं उदाहरण घ्या. त्याची फ्लिप ही मेथड (क्लासमधली क्रिया) जावा ८ मध्ये बफर या मूळ क्लासकडून येते आणि बफरच परत देते. जावा ९ मध्ये ती बाइटबफरमध्ये नव्याने लिहिली गेली आणि बाइटबफर परत देऊ लागली. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. पण क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावासोबत ती काय परत देते हेही नोंदलेलं असतं, आणि जावा ८ मध्ये तशी मेथडच नाही. क्रमांक ५२ असल्यामुळे फाइल बिनबोभाट लोड होते, प्रोग्राम सुरू होतो आणि त्या ओळीवर आला की 'नो सच मेथड' म्हणत कोसळतो. ती ओळ क्वचितच चालणारी असेल, तर टेस्टिंगमध्ये काहीच दिसत नाही.

यावर उपाय जेडीके ९ मध्ये, २०१७ साली आला: 'रिलीज ८' हा पर्याय. जुन्या आवृत्त्यांत कोणते क्लास आणि मेथड होत्या याची नोंद जेडीके स्वतःजवळ ठेवतो. रिलीज दिलं की कंपायलर तीच नोंद बघतो. भाषा, क्रमांक आणि लायब्ररी, तिन्ही एकदम जुळतात. जावा ८ वर चालणारी लायब्ररी इतरांना द्यायची असेल तर सोर्स-टार्गेटची जोडी आजच काढून टाका, असं मी आग्रहाने सांगेन.

कोड कंपाइल करून प्रोग्राम बांधून देणाऱ्या बिल्ड टूलचं, उदाहरणार्थ ग्रेडलचं, गणित वेगळं. ग्रेडल स्वतः जावावरच चालतं आणि आपल्या बिल्ड स्क्रिप्टच्याही (त्याला दिलेल्या सूचनांच्या फाइलच्याही) क्लास फाइल बनवतं. त्यामुळे जावा २१ वर ग्रेडल चालवायचं तर ८.५ किंवा त्यापुढचं लागतं. जुनं ग्रेडल ६५ हा आकडा बघून अडतं. ग्रेडलची टूलचेन ही सोय वापरली तर ग्रेडल एका जेडीकेवर चालवून कोड दुसऱ्याने कंपाइल करता येतो.

आणि कंपायलर मागे किती जाईल यालाही मर्यादा आहे. जेडीके २० ने जावा ७ साठी कंपाइल करणं बंद केलं. सातसाठी अजून काही बनवायचं असेल, तर १९ किंवा त्याआधीचा एखादा जेडीके जपून ठेवावा लागतो.