भट्टीतला कोळसा, गाळणीतला कोळसा आणि दाढीचे काळे क्रीम

सातारा आणि सांगलीच्या बाजारात कोळसा घातलेले दाढीचे काळे क्रीम आता सहज मिळते आणि सलूनमध्येही ते पांढऱ्या क्रीमच्या शेजारी ठेवलेले दिसते. त्याविषयी दोन मते ऐकू येतात. कोळसा म्हणजे भट्टीत जाळायची वस्तू, ती तोंडाला लावून काय मिळणार, हे एक मत. आणि घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये कोळसा पाणी शुद्ध करतो, तर तो चेहराही शुद्ध करणारच, हे दुसरे. पहिल्या मतात दोन निराळे पदार्थ, भट्टीतला साधा कोळसा आणि गाळणीतला सक्रिय कोळसा, एकच मानले जातात. दुसऱ्यात पदार्थ ओळखला जातो बरोबर, पण तो कोणत्या परिस्थितीत काम करतो याकडे दुर्लक्ष होते. काळ्या क्रीमसाठी जास्त पैसे मोजावेत की नाही, हे ठरवायचे तर हे दोन्ही घोटाळे आधी दूर करायला हवेत.

साधा कोळसा आपल्या भागाला नवा नाही. बाभळीचे किंवा वेड्या बाभळीचे लाकूड रचून, ते मातीने झाकून, आत हवा जेमतेम जाईल अशा रीतीने धुमसत ठेवले की लाकडातले पाणी आणि उडून जाणारे घटक निघून जातात व मुख्यतः कार्बन उरतो. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातून देशभर गेलेल्या गलाई व्यावसायिकांना अशा कोळशाची किंमत चांगली ठाऊक आहे, कारण सोने-चांदी वितळवायला लागणारी प्रखर आणि टिकाऊ आच तो देतो. मात्र त्याचा गुण जळण्यात आहे. त्याच्या अंगी थोडीफार छिद्रे असतात, तरी ती बरीचशी डांबरासारख्या अवशेषांनी बुजलेली असतात, आणि म्हणून दुसरा पदार्थ धरून ठेवण्याची त्याची ताकद बेताचीच राहते.

सक्रिय कोळसा येथून पुढे सुरू होतो. नारळाच्या करवंटीचा किंवा लाकडाचा तयार कोळसा साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या संपर्कात आणला, की वाफ त्यातला काही कार्बन खाऊन टाकते आणि आत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे मोकळे होते; फॉस्फोरिक आम्लासारखी रसायने वापरूनही हेच साधता येते. या छिद्रांच्या भिंती धरून मोजले, तर चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ दहा गुंठे जमीन. पाण्याला वास आणि रंग देणारे सेंद्रिय पदार्थ या पृष्ठभागावर येऊन अडकतात, तर क्लोरीनचे तिथे क्लोराइडात रूपांतर होते. पण जागा कितीही मोठी असली तरी ती भरते, आणि भरल्यावर तो कोळसा नव्याने काही धरू शकत नाही. फिल्टरमधला कार्बनचा भाग ठरावीक काळाने बदलावा लागतो, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

वैद्यकातही या कोळशाला मान आहे. काही औषधांच्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्यास डॉक्टर तो पाण्यात कालवून देतात, तेही शक्यतो पहिल्या तासाभरात. प्रौढ व्यक्तीसाठी ही मात्रा साधारण ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असते, आणि तरीही दारू, लोह, लिथियम, तीव्र आम्ले व अल्कली यांवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे जिथे तो खरोखर कामाला येतो तिथेही तो भरपूर लागतो, रिकामा असावा लागतो आणि धरायचा पदार्थ त्याच्या आवडीचा असावा लागतो.

आता हाच कोळसा क्रीमच्या ट्यूबमध्ये कोणाच्या सहवासात असतो ते पाहू. फेसाचे दाढीचे क्रीम म्हणजे मुळात मऊ साबण: स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली मेदाम्ले, त्यांच्याशी संयोग पावलेले पोटॅशियम व सोडियमचे अल्कली, ग्लिसरीन, पाणी आणि सुगंध. यांपैकी मेदाम्ले, साबणाचे रेणू आणि सुगंधी तेले हीच सक्रिय कोळशाच्या पृष्ठभागाला सहज चिकटणारी मंडळी आहेत. कारखान्यात मिश्रण झाल्यापासून ट्यूब आपल्या हाती येईपर्यंत अनेक महिने जाऊ शकतात, आणि तेवढ्या अवधीत चेहऱ्यावरचा तेलकटपणा धरण्यासाठी राखलेली म्हणून सांगितलेली जागा बहुतांशी क्रीमच्याच घटकांनी व्यापलेली असणार. त्यातूनही काही जागा उरली असे मानू. एका दाढीला दोन ग्रॅम क्रीम लागले आणि त्यात एक टक्का कोळसा धरला, तरी चेहऱ्यावर येतो अवघा २० मिलिग्रॅम, तोही फेसात लपेटलेला आणि काही मिनिटांत धुतला जाणारा. त्वचेवरचे तेल आणि धूळ साबण तेवढ्या वेळात काढतोच. कोळशाला वेगळे करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. कोळसा ‘त्वचेतली विषारी द्रव्ये ओढून काढतो’ हा काळ्या क्रीमविषयी केला जाणारा दावा मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो, कारण शरीरातली टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि गालावर लावलेली कुठलीही पूड त्यात भागीदार होत नाही.

चांगल्या दाढीला खरे तर पाणी हवे असते. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजलेला केस फुगून मऊ होतो व पात्याला कमी जोर लागतो. फेस ते पाणी केसाशी धरून ठेवतो आणि ग्लिसरीन व साबणाचा बुळबुळीतपणा पाते घसरू देतो. जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव या तालुक्यांत ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी येते, त्यांची अडचण तर निराळीच आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साका धरतात, फेस बसतो आणि वस्तरा खरखरत जातो. सक्रिय कोळसा पाण्याचा जडपणा काढत नाही, त्यामुळे काळे क्रीम घेऊन ही तक्रार मिटणार नाही. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे तांब्याभर पाणी फेसासाठी वापरले, तर त्याच पांढऱ्या क्रीमचा फेस लगेच सुधारतो. दाढीनंतर मानेवर उठणाऱ्या पुळ्यांचेही तसेच आहे. त्या बऱ्याचदा कुरळा केस कापल्यावर परत त्वचेत शिरल्यामुळे येतात, आणि तिथे फार खोलवर, उलट्या दिशेने वस्तरा न फिरवणे हाच उपाय लागू पडतो.

वेष्टनावरची घटकांची यादी या बाबतीत उपयोगी पडते. सौंदर्यप्रसाधनांवर घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहावे लागतात, फक्त एक टक्का व त्याखालचे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. ‘चारकोल पावडर’ हे नाव सुगंध आणि परिरक्षकांच्या (क्रीम खराब होऊ न देणाऱ्या घटकांच्या) रांगेत दिसले, तर ते नावापुरतेच आहे असे समजण्यास हरकत नाही. ‘सीआय ७७२६६’ असा क्रमांक असेल तर तो कार्बन ब्लॅक नावाचा रंग आहे: खनिज तेलाच्या अपुऱ्या ज्वलनातून मिळणारी बारीक काजळी, टायरला काळेपणा आणि मजबुती देणारी. ती केवळ रंगासाठी घातलेली असते आणि सक्रिय कोळशाचे कुठलेही काम तिच्याकडून अपेक्षित नसते.

बारीक दळलेल्या कोळशाने त्वचेला सहसा अपाय होत नाही, त्यामुळे ज्याला रंग किंवा वास आवडतो त्याने असे क्रीम खुशाल वापरावे. पांढऱ्या पंचावर आणि ब्रशच्या केसांवर मात्र करडी छटा राहते. बोटांत चोळल्यावर कण जाणवत असतील तर ते क्रीम पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्यावर लावू नये. किंमत सारखी असेल, तर घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरच्या बाजूला असलेले आणि आपल्या घरच्या पाण्यात टिकाऊ फेस देणारे क्रीम निवडावे, मग ते काळे असो वा पांढरे. आणि केवळ कोळशासाठी जास्त दाम मागितला जात असेल, तर तो देऊ नये.