भरतीच्या वेळी नाला कुठे रिकामा होतो?

खाडीकाठच्या सपाट शहरात पावसाळी नाल्याला हजाराला एक उतार मिळाला तरी नशीब. म्हणजे किलोमीटरभर धावून नाला उतरतो जेमतेम एक मीटर. 600 मिलिमीटर व्यासाची सिमेंटची वाहिनी अडीचशेला एक उतारावर सेकंदाला सुमारे 390 लिटर पाणी नेते. उतार हजाराला एक झाला की तीच वाहिनी 195 लिटरवर येते. उतार पावपट, वहन निम्मं.

त्यात शहर वाढतं. दहा हेक्टर शेतजमिनीवर ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 30 टक्के वाहून आला, तर नाल्याला सेकंदाला साधारण 420 लिटर पेलावे लागतात. तिथेच इमारती, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं, वाहून येणारा वाटा 90 टक्क्यांवर गेला, की आकडा होतो 1,250 लिटर. हजाराला एक उतारावर त्यासाठी आतून 1.2 मीटर रुंद आणि पाण्याला एक मीटर खोली असलेला काँक्रीटचा नाला लागतो. मात्र त्यात 30 सेंटिमीटर गाळ साचला तर क्षमता 30 नव्हे, सुमारे 37 टक्क्यांनी घटते, कारण वेगही मंदावतो. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होत्या. 'ब्रिमस्टोवॅड' या मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात हा आकडा 50 केला.

पण नुसते नाले रुंद करून सपाट शहर पुरातून सुटत नाही. खाडीचं पाणी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढलं की कितीही रुंद नाला बंद बाटलीसारखा भरत जातो. आणि भरती दिवसातून दोनदा येते.

नवी मुंबईत वाशी, नेरुळ, बेलापूर परिसर वसवताना सिडकोने यावर धारण तलावांचा, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी साठवणाऱ्या तलावांचा, उपाय केला. सगळी जमीन भराव घालून उंच करण्यापेक्षा ते स्वस्त होतं. नाले तलावात येतात, तलाव झडपांतून खाडीत रिकामा होतो. झडपेला वरच्या बाजूला बिजागरी असते. आतलं पाणी वर असलं की ती बाहेर उघडते, भरती चढली की दाबाने आपोआप मिटते. कल्पना परकी नाही: रायगडच्या खारजमिनीतली उघाडी आणि गोव्याच्या खाजणातली मानस ही बांधातली पाण्याची दारं याच तत्त्वावर चालतात.

तलाव किती मोठा हवा? वरच्याच दहा हेक्टरांचं पाणी झडप मिटलेली असताना तीन तास साठवायचं तर 13,500 घनमीटर जागा लागते. वापरता येणारी खोली दीड मीटर धरली तर तलाव 0.9 हेक्टरचा, म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा जमीन. शहराला ही जमीन रिकामी दिसते, आणि रिकामी जमीन कुणाच्या डोळ्यांत भरत नाही? जिथे ती उरलेलीच नाही, तिथे पंप येतात. मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे प्रत्येकी सेकंदाला 6,000 लिटर उपसणारे पंप बसवले आहेत.

मोजणीतली एक चूक वारंवार होते. भरतीच्या तक्त्याचा शून्य आणि जमीनमोजणीचा शून्य एक नसतो. जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, आणि मुंबई बंदरात ही पातळी तक्त्याच्या शून्यापेक्षा सुमारे 2.5 मीटर वर आहे. त्यामुळे 4.8 मीटरचं उधाण सरासरी समुद्रपातळीपासून 2.3 मीटरच वर येतं. ही वजाबाकी विसरली की मुखाची पातळी चुकते, आणि काँक्रीट ओतल्यावर ती दुरुस्त होत नाही. म्हणून पातळ्या आधी एकाच शून्यावर आणायच्या, मग काम मुखाकडून वर न्यायचं. वरचा नाला आधी रुंद केला तर पूर फक्त खालच्या वस्तीत लवकर पोहोचतो. वाटेतल्या रस्त्याखालच्या मोऱ्याही तपासायच्या. मोरीतून आडवा गेलेला एखादा जलवाहिनीचा पाइप प्लास्टिक अडवतो आणि सगळ्या रुंदीकरणावर पाणी फिरवतो.

धारण तलावांचं दुखणं मात्र बहुधा झडपेपासून सुरू होतं. बिजागरी गंजते, झडप टेकते त्या बैठकीवर कालवं चढतात, एखादी गोणी अडकते. बोटभर फट राहिली तरी प्रत्येक भरती आत येते, सोबत गाळ आणि खारफुटीचं बी आणते. रोपं रुजतात, मुळं आणखी गाळ धरतात. दीड मीटरांतले 75 सेंटिमीटर गेले की तीन तासांचा तलाव दीड तासात भरतो. तोवर तिथे खारफुटीचं बन झालेलं असतं आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. नवी मुंबईतल्या तलावांतला गाळ याच पेचात अडकला.

झडप तपासायला पाऊस लागत नाही. एप्रिल-मेमधली उधाणाची भरती निवडायची, ओहोटीला आतल्या भिंतीवर चुन्याने पाण्याची रेघ मारायची आणि भरती पूर्ण चढल्यावर पुन्हा पाहायचं. पाणी रेघेच्या वर चढलं असेल तर झडप गळते आहे. मग रबराची पट्टी आणि बिजागरीची पिन जूनच्या आत बदलायची.