मुदत कुणाला लागू? तुरुंग, न्यायालय आणि सिव्हिलमधील प्रतीक्षेची पार्श्वभूमी

उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली सोलापूरच्या माणसाला अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा पुढे गेली, जामिनाचा अर्ज बोर्डावर येऊनही सुनावणीला निघाला नाही किंवा पोलीस बंदोबस्ताअभावी कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्याला न्यायालयात नेलेच नाही, तर या कायद्याखाली कुठेही दाद मागता येत नाही. पहिल्या रांगेत माणसाचा हेलपाटा वाया जातो. बाकीच्या रांगांमध्ये काय वाया जाते ते वेगळे सांगायला नको. तरीही विलंबाची जबाबदारी ठरवणारे कायदे फक्त पहिल्या रांगेपुरते झाले.

सोलापूरला तुरुंग आणि न्यायालय यांचा जुना इतिहास आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. त्या वेळच्या घटनांवरून चौघांवर खटला चालला, अपील झाले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशीही देऊन झाली. सगळे आठ महिन्यांत. ‘जलद न्याय’ हा शब्द इथे जरा जपून वापरलेला बरा. दुसरी आठवण सेटलमेंटची. गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना खटल्याशिवाय तारेच्या कुंपणात ठेवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. वस्तीला मात्र ‘सेटलमेंट’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. यापलीकडचा जुना इतिहास इथे आवश्यक नाही, कारण आजचा गुंता गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे.

कोणती सेवा किती दिवसांत मिळेल हे लिहून देणाऱ्या नागरिकांच्या सनदेची कल्पना ब्रिटनमधली, १९९१ ची. तिच्याच जोडीने तिथे रुग्णांची स्वतंत्र सनद निघाली. प्रतीक्षा यादीत नाव गेल्यापासून दोन वर्षांच्या आत रुग्णालयात दाखल करून घेऊ, असे सरकारने त्या सनदेत लिहून दिले होते. दोन वर्षे म्हणजे थट्टाच, पण रांग कधीतरी संपेल हे निदान कागदावर आले. पुढे इंग्लंडमध्ये ही मुदत १८ आठवड्यांवर आली. गेली कित्येक वर्षे ती पाळली जात नाही, म्हणून तिथले सरकार दर महिन्याला स्वतःचेच आकडे जाहीर करते आणि बोलणी खाते. आपल्याकडे १९९७ च्या मुख्यमंत्री परिषदेनंतर सनद आली ती फलकाच्या रूपाने. कार्यालयाच्या दारात निळ्या पाटीवर सेवा, अधिकारी आणि दिवस. रुग्णालयांतही पाट्या लागल्या. त्यांवर केस पेपरची वेळ असते. सोनोग्राफीसाठी किती दिवस थांबावे लागेल, हे काही नसते.

त्या पाटीला कायद्याचा आधार मिळाला तो सरकारी नोकरांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवरच्या २००५ च्या राज्य कायद्याने. माहिती अधिकाराच्या चळवळीतूनच ही मागणी पुढे आली होती. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, हे त्यातले सर्वांत गाजलेले कलम. त्या काळी माहितीच्या अर्जात ‘माझी फाईल कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे’ एवढाच प्रश्न टाकला की फाईल हलायची, असा अनेकांचा अनुभव. पण पुढच्याच कलमात अपवाद होते : न्यायप्रविष्ट बाबी, अर्धन्यायिक प्रकरणे, मोठे धोरणात्मक निर्णय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन भरतो, तिथेही न्यायप्रविष्ट तक्रार स्वीकारत नाहीत. न्यायालयाच्या स्वायत्ततेसाठी हे अपवाद रास्त आहेत. प्रत्यक्षात मात्र समन्स न बजावणारा पोलीस आणि मोजणीचा नकाशा न पाठवणारे कार्यालयही त्याच आडोशाला उभे राहतात. दावा रखडतो त्यात त्यांचा वाटा थोडाथोडका नसतो.

मग २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला. आधी २८ एप्रिलला अध्यादेश, नंतर अधिनियम. खरा वाद इथला आहे आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. या कायद्याने सेवा वेळेत मिळणे हा हक्क ठरवला. पदनिर्देशित अधिकारी, पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोग अशी उतरंड घातली. पण हक्क कोणत्या सेवेचा? तर जी सेवा त्या प्राधिकरणाने स्वतः अधिसूचित केली, तिचा. यादी कोणी करायची, मुदत किती ठेवायची, जबाबदार कोण, हे तिन्ही खात्यानेच ठरवायचे. आपल्या परीक्षेचा पेपर आपणच काढायचा म्हटल्यावर कोण अवघड प्रश्न घालील? खात्यांनी याद्या जाहीर केल्या. महसूल, नगरविकास, ग्रामविकास यांच्या याद्या लांबलचक झाल्या, कारण तिथे दाखले आणि उतारे भरपूर. आरोग्याच्या बाबतीत आले ते बहुतांशी दाखले, नोंदण्या आणि परवाने. उपचार आले नाहीत.

याचे समर्थन असे होते : वैद्यकीय निर्णय घड्याळावर घेता येत नाही. मुदत घातली तर डॉक्टर अवघड रुग्ण पुढे ढकलतील, सोपे आधी उरकतील आणि दंडाच्या भीतीने सरकारी नोकरीत यायलाच कोणी तयार होणार नाही. यात तथ्य आहे. इंग्लंडमध्येही मुदतीच्या नादात आकड्यांशी खेळ झाल्याच्या तक्रारी झाल्याच. पण निदानाला मुदत घाला, असे कोणी म्हणतच नव्हते. एमआरआयचे यंत्र बंद पडले तर ते किती दिवसांत सुरू होईल, रिक्त पद किती दिवसांत भरले जाईल, यादीतला क्रमांक रुग्णाला कळेल की नाही, हे प्रश्न कारभाराचे आहेत आणि कारभाराला मुदत घालता येते. ते वगळताना वैद्यकीय स्वातंत्र्याची ढाल पुढे केली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. आपत्कालीन उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते. रेल्वेतून पडलेला एक मजूर आणि त्याला खाट नाही म्हणून परत पाठवणारी बंगालमधली एकामागून एक सरकारी रुग्णालये, असे ते प्रकरण. म्हणजे तत्त्व तयार होते. २०१५ च्या कायद्याने ते बाजूला ठेवले.

सोलापुरात याला आणखी एक पेच आहे : सिव्हिल कोणाचे? लोक ज्याला सिव्हिल म्हणतात ते १९६३ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणून ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. ग्रामीण रुग्णालये आणि पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, शहरातले दवाखाने महापालिकेकडे आणि गिरणी-यंत्रमागाच्या काळापासूनची कामगार विमा व्यवस्था त्यांहून वेगळी. अक्कलकोटहून रुग्ण ‘पुढे’ पाठवला जातो तेव्हा तो दोन खात्यांची सीमा ओलांडतो. पाठवणाऱ्याच्या वहीतून तो गेलेला असतो आणि घेणाऱ्याच्या वहीत अजून आलेला नसतो. मधल्या तासांचा हिशेब कोणाच्याच अहवालात येत नाही. त्यात धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचेही रुग्ण इथेच येतात.

हा फरक केवळ कागदी नाही, हे १५ ऑगस्ट २०२३ ला दिसले. त्या दिवसापासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय त्या एका खात्यापुरता होता, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण खात्याकडची रुग्णालये त्याबाहेर राहिली. जिथे जिल्ह्यातले सर्वांत गंभीर रुग्ण येतात, त्याच दारात ही घोषणा थांबली. ठरावीक उपचारांचा खर्च सरकारने भरायच्या जीवनदायी योजनेच्या वेळी उलटे झाले होते. २ जुलै २०१२ रोजी ती राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. त्यामुळे शस्त्रक्रियांचा एक मोठा वाटा खासगी रुग्णालयांकडे वळला आणि वाट पाहणे पूर्वमंजुरीच्या खिडकीपाशी आले.

न्यायालयांच्या विलंबाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते, कारण तिथे मुदत घालून पाहिली होती. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कैद्यांच्या प्रकरणात जलद सुनावणी हा मूलभूत हक्क ठरला. १९९२ मध्ये महाराष्ट्राच्या एका माजी मुख्यमंत्र्यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो हक्क पक्का केला, पण ठरावीक मुदत घालायचे टाळले. १९९६ नंतर काही निकालांनी मुदती घातल्या : अमुक वर्षांत खटला उभा राहिला नाही तर आरोपीला सोडा. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्या काढून टाकल्या. असे नियम करणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नाही, असे सांगून. त्याच वर्षी दिवाणी संहितेत तीनपेक्षा जास्त तहकुब्या नकोत ही दुरुस्ती लागू झाली. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही वकिलाला विचारावे. प्रलंबित खटल्यांची आकडेवारी २०१५ पासून संकेतस्थळावर जिल्हावार पाहता येते, ही खरी भर. न्यायाधीशांची पदे, इमारती आणि कर्मचारी यांचा पैसा सरकार देते, तेव्हा त्या आकड्यांबद्दल विचारायचे ते सरकारलाही. विधानसभेत उत्तर मात्र ठरलेले : अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आले. मुंबईची सुमारे चारशे किलोमीटरची खेप वाचली. कोल्हापूर की पुणे हा वाद चार दशके चालला. सोलापुरातून पाहिले तर दोन्ही ठिकाणे जवळपास सारखीच लांब.

तुरुंग हा राज्याचा विषय, गृह खात्याकडचा. १८९४ च्या कायद्यावर शतकाहून अधिक काळ चालत आलेला हा कारभार. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते. तिन्ही रांगा एकत्र येतात त्या आजारी कच्च्या कैद्यापाशी. त्याला सिव्हिलला न्यायचे तर तुरुंगाला शहर पोलिसांकडून बंदोबस्त मागावा लागतो. सभा किंवा सण असला की बंदोबस्त मिळत नाही, तपासणी चुकते, अहवाल येत नाही आणि वैद्यकीय कारणावरचा जामीन अर्ज पुढे जातो. तुरुंग, पोलीस, रुग्णालय आणि न्यायालय या चौघांपैकी कोणाच्याही दप्तरात चूक सापडत नाही. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी जिल्हा समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक सदस्य. ही मंडळी एका टेबलाभोवती बसतात ती बहुधा एवढीच वेळ, आणि तिथे विषय सुटकेचा असतो, बंदोबस्ताचा नव्हे.

कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला तर सुटका, ही तरतूद २००६ पासून होती. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, आधी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी, ती एक तृतीयांशावर आणली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कैद्यांनाही ती लागू केली. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, आणि एकाहून अधिक प्रकरणे असतील तरीही नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे तात्काळ लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे. त्याने अर्ज केला नाही तर काय, याबद्दल त्या कलमात एक ओळही नाही.