ओतलेला रंग कुठे थांबतो?

‘रंग ओतला की झालं अमूर्त चित्र, त्यात कसलं कौशल्य?’ चित्रप्रदर्शनात हे हमखास कानावर येतं. असं म्हणणाऱ्याला मी समईची वात नीट बघायला सांगतो.

२६ ऑक्टोबर १९५२ला न्यूयॉर्कमध्ये हेलन फ्रँकेंथेलर या २३ वर्षांच्या चित्रकर्तीने ‘माउंटन्स अँड सी’ रंगवलं. त्याच उन्हाळ्यात ती कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला जाऊन जलरंगात निसर्गचित्रं करून आली होती. सुमारे ७ फूट बाय १० फुटांचा कॅनव्हास तिने जमिनीवर अंथरला, कोळशाने थोड्या रेघा ओढल्या आणि टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग ओतला. एरवी सरस आणि पांढऱ्या रंगाचं अस्तर देऊन कापडाची छिद्रं बुजवतात. इथे अस्तरच नव्हतं. रंग कापडात मुरला.

मुरला तो केशाकर्षणाने. समईचं तेल वातीत चढतं, तसाच. अरुंद फटीत पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, द्रवाला पुढे ओढतो. द्रव जितका आत जाईल तितकं मागचं घर्षण वाढतं, ओढ मात्र तेवढीच राहते. म्हणून कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हा १९२१चा वॉशबर्नचा नियम. आडव्या सुती पट्टीचं टोक शाईत बुडवा: पहिल्या सेंटीमीटरला १ सेकंद लागला, तर २ सेंटीमीटरपर्यंत पोचायला ४ लागतील आणि ३ पर्यंत ९. त्यात कापडाच्या फटी दोन मापांच्या. धाग्याच्या आतल्या बारीक फटी जोरात ओढतात पण हळू भरतात. धाग्याधाग्यांमधल्या मोठ्या फटींचं उलट. वरून टर्पेंटाइन उडत असतं, रंग दाटत जातो, रंगद्रव्याचे कण तंतूंत अडकतात आणि तेल एकटंच पुढे सरकून डागाभोवती प्रभावळ उमटवतं. कडेचं नेमकं वळण कुणालाच आधी सांगता येणार नाही.

डाग साधारण किती पसरेल, ते मात्र डब्यातच ठरतं. टर्पेंटाइनने पृष्ठताण फारसा बदलत नाही, दाटपणा कितीतरी पटींनी उतरतो. सुरुवातीला सुसाट निघालेला रंग वर्गमुळाच्या नियमाने पुढे मंदावतो, तेव्हा टिपायला, पुसायला सवड मिळते. माझ्या मते चित्रकर्तीचा हात दिसतो तो इथे.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, तेव्हाही चमच्यातलं दूध ओढून घेणारा पृष्ठताणच होता. रंगीत दूध दिल्यावर ते मूर्तीवरून ओघळताना स्पष्ट दिसलं. तो चमत्कार नव्हता, आणि कॅनव्हासवरचा डागही नाही.

कापडात थेट मुरलेलं तेल वर्षानुवर्षं तंतू ठिसूळ करतं. अस्तराची जुनी रीत त्याचसाठी होती. १९६०च्या दशकात फ्रँकेंथेलर ॲक्रिलिककडे वळली. त्यात तेल नसतं, त्यामुळे तेलाची ती प्रभावळही उमटत नाही.